पंगतीचा तवा

माझी भाची प्रज्ञा रेकॉर्डी जमवते. मोठ्या थाळीएवढ्या काळ्या रेकॉर्डी, आणि काही लहान, फुलक्याएवढ्या. पिंपरीतल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात एक अख्खी भिंत त्यांनी भरली आहे. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सुट्टीच्या दिवशी अंघोळ करून, हात पूर्ण कोरडे करून मगच ती रेकॉर्डला हात लावते. बोटं काळ्या भागाला कधी लागू देत नाही, कडेने दोन तळव्यांमध्ये धरते. लग्न केलं नाही म्हणून माझी बहीण, म्हणजे तिची आई, कुरकुरत असते. मला मात्र तिच्याकडे जाऊन बसायला फार आवडतं. मी चार घरी पोळ्या करते. रविवारी काम आटोपलं की तिच्याकडे जाते. तिथे मला बोलावं लागत नाही. ती रेकॉर्ड लावते आणि मी ऐकते.

तिच्या बहुतेक रेकॉर्डी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या आहेत. जुन्या आहेत त्यांना सोल म्हणतात. ती देवळात म्हणायच्या गाण्यांतून निघालेली, पण माणसांच्या सुखदुःखाची गाणी. नंतरच्या आहेत त्या हिप-हॉप. त्यांच्याच वस्तीतल्या पोरापोरींनी आईबापांच्या जुन्या रेकॉर्डींतल्या दोन ओळी घ्यायच्या, त्या फिरवत ठेवायच्या आणि वरून आपलं म्हणणं बोलायचं. प्रज्ञाने मला समजावलं तेव्हा मी म्हटलं, जयंतीला आपले गायक जुन्या चालीवर नवे शब्द बसवतात, तसंच ना. ती इतकी खूश झाली की तिने मला दोनदा तेच म्हणायला लावलं.

एका रविवारी तिने मी आधी न ऐकलेली एक हिप-हॉपची रेकॉर्ड लावली. एक माणूस भरभर बोलत होता आणि त्याच्या मागे एका बाईचा आवाज परत परत येत होता, दोनच ओळी. मी उठले, मोरीवर जाऊन हात धुतले आणि ताटं काढायला लागले. प्रज्ञा म्हणाली, मावशी, एवढ्यात भूक लागली? तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी का उठले.

"हा आमच्या पंगतीचा तवा आहे," मी म्हटलं.

आमच्याकडे, म्हणजे नागपूरच्या वर, मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या भागात, रेकॉर्डला तवा म्हणत. लग्नात भोंगेवाला यायचा. त्याच्याकडे पेटीभर तवे असत आणि त्यांत एक इंग्रजी होता. स्वयंपाक तयार झाला की तो वाजवायचा. कोणी जेवायला बोलवायला घरोघर हिंडत नसे. तो आवाज आला की गाव उठायचं.

प्रज्ञा खाली बसली. ज्या गाण्यातून त्या दोन ओळी घेतल्या, ती मूळ रेकॉर्ड ती सात वर्षं शोधत होती. तिच्यासारखे आणखीही लोक आहेत, ते फोनवर एकमेकांना विचारत असतात, पण कोणाकडेच नाही. थोड्याच निघाल्या आणि कंपनी बंद पडली. मी तिला म्हटलं, मला इंग्रजी कळत नाही, चौतीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नात शेवटचं ऐकलं, माझं काही खरं धरू नको. पण तिने खरं धरलं. चार दिवसांची रजा टाकली आणि दोन तिकिटं काढली. माझ्या एका बोलण्यावर कोणी तिकीट काढावं असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं, आणि त्याचीच मला धास्ती बसली.

परत आल्यावर तिनेच ही वही आणून दिली. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर बरं आहे. कोणाला दाखवायची नाही असं ठरवून लिहिते आहे.

पांढुर्णा

नागपूरहून सकाळच्या गाडीने पांढुर्ण्याला उतरलो. माघ महिना होता. दोन्ही बाजूंना कापसाची वेचून झालेली रानं, आणि लांबवर सातपुड्याचे निळे डोंगर. आता पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं आहे. पाट्या सगळ्या हिंदीत. प्रज्ञा इकडे कधीच आली नव्हती, ती म्हणाली, इथे मराठी कोण बोलणार? तेवढ्यात स्टेशनबाहेर दोन बाया भांडताना दिसल्या. एक दुसरीला म्हणत होती, "मी कवाची उभी राहून राहिली आणि तू आत्ता येऊन राहिली वं." प्रज्ञा हसायला लागली. मी मात्र भांडण संपेपर्यंत तिथेच ऐकत उभी राहिले. पिंपरीत मी असं बोलले की लोक हसतात म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं.

चहाच्या टपरीवर आलूबोंडा खाल्ला. पिंपरीच्या वड्यासारखा पावात घालून नाही, वाटीत घालून वर तिखट रस्सा ओततात. प्रज्ञाच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तिने दुसरा मागितला.

तिच्या खांद्याला एक चौकोनी पेटी होती. झाकण उघडलं की आत रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, बॅटरीवर चालणारं, स्वतःचाच लहान भोंगा असलेलं. ऐकल्याशिवाय ती कधी रेकॉर्ड घेत नाही. वरून चांगली दिसते आणि आतून खरडलेली निघते, असं ती म्हणते.

लग्नाचे साउंड भाड्याने देणारी दुकानं बाजाराकडे आहेत. आम्ही तिसऱ्या दुकानात गेलो. मी दारातच थांबले. दुकानदार चाळिशीचा होता, माणसाएवढ्या उंच काळ्या खोक्यांच्या मधे बसलेला. तवे म्हटल्यावर तो हसला. वडिलांच्या वेळचे पेटीभर होते, म्हणाला, काही भंगारात गेले, काहींची भिंतीवरची घड्याळं करून विकली. घड्याळं ऐकून प्रज्ञाने डोळे मिटून घेतले.

मग तिने जेवणाच्या इंग्रजी तव्याचं विचारलं. तो एकदम उठून उभा राहिला.

"तो सुखदेव भोंगेवाल्याचा. तो वाजला का आम्ही पोट्टे खेळ सोडून पळो. सौंसरले राहते आता बुढा, पोरीच्या घराजवळ. पण ताई, तो काही देत नाही. मीच दोनदा मागून आलो."

सुखदेवभाऊ. माझ्या लग्नात भोंगा त्यांचाच होता. तवा आहे एवढं नक्की झालं, तरी माझी धास्ती गेली नाही. तवा असणं वेगळं आणि तो प्रज्ञाचाच असणं वेगळं. दुपारी भोजनालयात ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची भाजी मिळाली. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. इतक्या वर्षांनी खाल्ले, पण चव लागली नाही.

सौंसर

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने निघालो. प्रज्ञाने पेटी मांडीवर घेतली होती आणि खड्डा आला की ती वर उचलून धरायची. कंडक्टरने विचारलं, लेकरू आहे का आत? सौंसर जवळ आलं तशा संत्र्याच्या बागा लागल्या. झाडाच्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले, इतकी फळं. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग, पेट्या भरणाऱ्या बाया. आमची बस थांबली तेव्हा एकीने खिडकीतून चार संत्री माझ्या हातात दिली आणि पैसे घ्यायला थांबलीच नाही. मी ती पिशवीत टाकली आणि बस सुटली तशी त्यांच्यावरच बसले. दिवसभर माझ्या पातळाला संत्र्याचा वास होता.

सुखदेवभाऊंचं घर वस्तीच्या टोकाला आहे. दोन खोल्या, पुढे ओसरी, समोर कडुनिंब. त्यांची बायको शेवंतावहिनी अंगणात तूर निवडत होती. प्रज्ञा बोलू लागली तशी ती तिच्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिली. बोरगावच्या कोतवालाची धाकटी ना तू, म्हणाली. तुझ्या लग्नात बुंदी कमी पडली होती. मी मान हलवली. बुंदी कमी पडली होती हे मी विसरले होते, ती विसरली नव्हती.

सुखदेवभाऊ आता ऐंशीच्या घरात आहेत. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, केस मागे वळवलेले. त्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढली. आत जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांत गुंडाळलेले तवे. जयंतीची गाणी, सिनेमाची, लग्नाची. प्रज्ञा जमिनीवर बसली आणि एकेक काढून बघू लागली. तीन तास ती उठली नाही. कोणता तवा कोणत्या साली निघाला, कोणाच्या आवाजात, हे ती न वाचता सांगत होती आणि म्हातारा हसून मान डोलवत होता. मध्येच ते मला म्हणाले, "हिचे हात चांगले आहेत. माह्या पोरानं कवा असं धरलं नाही."

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तोंड फिरवून कडुनिंबाकडे बघत बसले.

शेवटी त्यांनी कपाटातून पोळ्यांचा एक गोल डबा काढला. त्यात तो होता. लहान, फुलक्याएवढा, मऊ कापडात. मधला कागद पिवळा पडलेला, त्यावरचं एकही अक्षर दिसत नव्हतं. ती हळद होती. स्वयंपाक झाला की ते स्वतः बोटाने वरण चाखून बघत आणि त्याच हाताने तवा लावत. चाळीस वर्षांच्या वरणाने नाव पुसून गेलं होतं.

हा तवा त्यांच्याकडे आला मँगनीजच्या खाणीवरच्या, अमेरिकेत जाऊन आलेल्या एका साहेबाकडून. साहेबाची बदली झाली तेव्हा त्याने जड सामान वाटून टाकलं. मग हाच तवा पंगतीला का, असं प्रज्ञाने विचारलं. ते म्हणाले की ओळखीचं गाणं लावलं तर लोक ते ऐकत बसतात, हे माझ्या आवडीचं, ते तुझ्या आवडीचं म्हणून भांडतात. याचं कोणालाच काही समजत नव्हतं, म्हणून सगळे सरळ जेवायला उठत.

प्रज्ञाने मोबाइलच्या उजेडात तवा तिरपा धरला. बाहेरचा अर्धा भाग राखाडी, झिजून गुळगुळीत. आतला अर्धा काळाभोर, काल आणल्यासारखा. तिने कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लोक बसले का मी सुई उचलतो. मंग वाढपी लोकाइले हाका माराव लागते. पुढं काय आहे ते मले माहीत नाही बाई."

मधल्या कागदाच्या कडेला खरडलेला एक बारीक नंबर होता. तिने तो फोनवर शोधला. कुठेच सापडला नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. ऐकल्याशिवाय कळायचा आता दुसरा मार्ग नव्हता. तिने पेटी उघडली आणि विचारलं, काका, एकदा लावू?

त्यांनी तवा तिच्या हातातून काढून घेतला.

"जेवण तयार नसलं का हा लावत नाही."

ती म्हणाली, हळू लावते, आपणच ऐकू. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी जे सांगितलं ते हळू आवाजात, माझ्याकडे बघून सांगितलं, कारण मी तिथलीच. लहानपणी गावात लग्न असलं की आपल्या लोकांनाही बोलावणं यायचं. बसायचं लांब, झाडाखाली. सगळे जेवून उठेपर्यंत बसून राहायचं. कधी उरायचं, कधी नाही. त्यांची आई त्यांना उपाशी झोपवून कडेवर घरी आणायची. भोंगा हातात आला तेव्हाच त्यांनी ठरवलं की आपल्या आवाजावर जो येईल, त्याच्यापुढे ताट आलं पाहिजे. एका मोठ्या घरच्या लग्नात, पाहुणे निघून चालले आहेत, स्वयंपाक व्हायचा आहे तरी तवा लाव, म्हणून यजमानाने हट्ट धरला, तर ते भोंगा उतरवून सायकलवर घालून घरी आले होते.

तवा परत डब्यात गेला. शेवंतावहिनीने आम्हाला पिठलं-भाकर वाढली. जेवण झाल्यावर सुखदेवभाऊ आत जाऊन झोपले आणि वहिनी नळावर गेली. डबा ओसरीवरच होता.

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, मावशी, फक्त दहा सेकंद. एवढ्या हळू की आपल्यालाच ऐकू येईल. उद्याची गाडी आहे. मी एवढंच बघते, तो आहे का.

मला बोलायला हवं होतं. पिंपरीला, तीन मजले वर, माझे हात आपोआप धुतले गेले होते. इथे, हा तवा ऐकून जेवायला उठणाऱ्या लोकांच्या गल्लीत काय होईल ते मला ठाऊक होतं. पण तिला नाही म्हणायची मला सवय नाही. आणि खरं लिहायचं तर मलाही कळून घ्यायचं होतं, माझा कान खरा होता की नाही. मी गप्प राहिले.

तिने तवा लावला. दुपारच्या शुकशुकाटात आवाज वाटला होता त्याहून मोठा निघाला. आधी तेल तापल्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज, मग ढोल, मग ती बाई. दोन ओळी. प्रज्ञाने माझं मनगट धरलं. तोच होता. तिने लगेच सुई उचलली. तिचे डोळे भरले होते आणि ती आवाज न करता हसत होती. मीही हसत होते.

मग समोरच्या घराची कडी वाजली.

एक म्हातारी बाई बाहेर आल्या. पार्बताबाई, हे नाव मला नंतर कळलं. नव्वदीच्या असाव्यात, कमरेत वाकलेल्या. त्यांच्या हातात तांब्या होता. आमच्याकडे पंगतीला जाताना पाण्याचा तांब्या आपापल्या घरून नेत असत. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, गल्ली ओलांडली, आमच्या अंगणात आल्या आणि भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसल्या. तांब्या पुढ्यात ठेवला. त्यांच्या मागून शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या, त्या मात्र गंमत म्हणून. एक म्हणाली, "कोणाचं लग्न लावून राहिले वं बाप्पा, पत्रिका नाही काही नाही." पार्बताबाई हसल्या नाहीत. त्या ताटाची वाट बघत होत्या.

प्रज्ञा त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि समजावू लागली, आजी, जेवण नाही, आम्ही नुसतं ऐकत होतो. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि तांब्या थोडा सरळ केला.

दारात सुखदेवभाऊ उभे होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रज्ञाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. पार्बताबाईंकडे पाहिलं आणि ओसरीच्या पायरीवर खाली बसले.

"चाळीस वर्सात नाही झालं," एवढंच म्हणाले.

प्रज्ञा उठून त्यांच्यापुढे आली. ती म्हणाली, काका, चूक झाली, मी बाजारातून सगळ्यांसाठी जेवण आणते. त्यांनी हात हलवून नको म्हटलं. विकतच्या अन्नावर हा तवा कधी वाजला नव्हता. त्यांनी यंत्रावरचा तवा काढून डब्यात घातला आणि डबा काखेत धरून ठेवला. तो आता आम्हाला मिळणार नाही हे मला कळलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या म्हाताऱ्याचा चाळीस वर्षांचा शब्द आमच्यामुळे गेला होता. आमच्या म्हणजे माझ्यामुळे. प्रज्ञाला माहीत नव्हतं, मला होतं.

मी उभी राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"भाऊ, त्या बसल्या आहेत ना अजून? मग पंगत मोडली नाही. तांदूळ कुठे आहेत ते सांगा."

पंगत

लोकांपुढे मी इतकं मोठ्याने कधी बोलले नव्हते. पण एकदा तांदूळ कुठे आहेत हे विचारलं की पुढचं सगळं मला येतं. शेवंतावहिनी नळावरून आली, तिला एका म्हातारीने काय झालं ते सांगितलं. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "बसून काय राहिले? चुलीचे दगड आणा."

अंगणात तीन दगडांची चूल झाली. समोरच्या घरातून मोठं गंज, म्हणजे पातेलं, आलं. कोणी वांगी आणली, कोणी आलू, कोणी ओले सोले. मी आलू-वांग्याची भाजी टाकली, आमच्या लग्नांतली, खसखस-खोबऱ्याच्या वाटणाची. पिंपरीत लग्नाला गेलं की ताट हातात घेऊन उभ्याने जेवतात आणि भाजी कोणती ते पाटीवर लिहिलेलं असतं. इथे वासानेच लोकांना कळलं. गल्लीतून एकेक जण येऊन चुलीकडे डोकावून जायचा. प्रज्ञाला मी कांदे चिरायला बसवलं. तिने लॅबमध्ये कापावेत इतके सारखे कापले. शेजारची म्हातारी म्हणाली, "हे पोट्टी कांदे कापून राहिली का मोजून राहिली?"

पार्बताबाई जागच्या हलल्या नाहीत. पिशवीतल्या चार संत्र्यांतलं एकच न चेपलेलं होतं, ते सोलून मी त्यांना दिलं. त्यांनी अर्धं खाल्लं आणि अर्धं मला परत दिलं.

उन्हं उतरायच्या आत वरण उकळलं. मी सुखदेवभाऊंना हाक मारली. ते आले, सदऱ्याची बाही वर केली, वरणात बोट बुडवून चाखलं. मला आठवत होतं तसंच, डोळे मिटून.

"मीठ."

मी मीठ टाकलं. त्यांनी पुन्हा चाखलं आणि वळले. माळ्यावरून त्यांनी आपला जुना भोंगा आणि त्याचं आवाज वाढवायचं मशीन काढलं होतं. प्रज्ञाने आपल्या पेटीपासून वायर जोडायला मदत केली. भोंगा त्यांनी कडुनिंबाच्या फांदीला बांधला, पिवळ्या बोटांनी तवा काढला आणि लावला.

आता तो आवाज सगळ्या वस्तीवर गेला. मी लिहून सांगू शकत नाही. ती बाई कोण, कुठली, तिचं नाव काय, मला काही ठाऊक नाही, आणि सौंसरच्या एका गल्लीत दारं उघडत होती, माणसं पाय धुऊन येत होती. पंचवीस-तीस जण झाले. तरुण पोरं मोबाइल वर करून उभी राहिली, तर शेवंतावहिनीने त्यांना पत्रावळी मांडायला लावल्या. प्रज्ञाच्या हातात मी वरणाची पळी दिली. ज्या गाण्यासाठी ती सात वर्षं थांबली, ते तिने वाकून वाढत वाढत ऐकलं. वरण थोडं सांडलंही.

सगळे बसले तशी सुखदेवभाऊंनी सुई उचलली आणि जुन्या आवाजात सांगितलं, मंडळी, सावकाश होऊ द्या. पहिलं ताट पार्बताबाईंचं होतं. त्यांनी भात कालवला, एक घास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उशीर झाला, पण चांगलं झालं." सुखदेवभाऊंनी ते ऐकलं. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्यांदा भात फिरला. कोणाला आणखी काही नको होतं. हात वाळत आले तरी पंगत उठली नव्हती, कारण सगळ्यांबरोबर उठायची पद्धत. प्रज्ञा रिकामी पळी घेऊन भोंग्याखाली उभी होती. मागायची तिची हिंमत नव्हती, पण तिची नजर तव्यावरच होती.

सुखदेवभाऊ म्हणाले, "पुढं काय आहे, पाहू का?"

त्यांनी सुई त्या काळ्याभोर भागावर ठेवली. तडतड एकदम थांबली. आवाज इतका स्वच्छ आला की काही जणांनी मान वर करून कडुनिंबाकडे पाहिलं. ढोल थांबला होता. ती बाई एकटीच गात होती, मागे काही माणसं टाळ्या वाजवत होती. मग टाळ्याही थांबल्या. तिचा आवाज खाली खाली येत गेला, शेवटी शब्द संपले आणि ती नुसती गुणगुणत राहिली, दमलेली. एक श्वास ऐकू आला. मग काहीच नाही.

चाळीस वर्षांत इथे ते कोणी ऐकलं नव्हतं. कोणी उठलं नाही. पार्बताबाईंनी विचारलं,

"ते बाई जेवली का?"

शेजारच्या म्हाताऱ्या हसायला लागल्या, आणि मग हसायच्या थांबल्या.

सुखदेवभाऊंनी तवा काढला, दुपट्ट्याने पुसला, कडेने दोन तळव्यांत धरला. प्रज्ञा धरते तसा. तिच्यापुढे येऊन त्यांनी तिच्या हातातली पळी घेतली आणि त्या जागी तवा दिला.

"ने," ते म्हणाले. "पण कोणाले उपाशी बसवून लावू नको."

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर शेवंतावहिनीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. सगळे जेवले होते, वाढणारी राहिली होती. वहिनीने पत्रावळ मांडली, मी भात वाढला, वर वरण घातलं. पंगत उठली नाही, तिच्यासाठी थांबली. प्रज्ञाने तवा डाव्या हातात कडेने धरून ठेवला, आणि उजव्या हाताने भात कालवायला घेतला.